पुढचा खांदा

एकनाथ माझ्या हाताखाली काम करतो असं हॉटेलच्या कागदांवर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात अकरा वर्षं मीच त्याच्या भरवशावर नोकरी केली. मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात मी समारंभ विभागाची मॅनेजर आणि तो बँक्वेट कॅप्टन, म्हणजे जेवणावळींचा मुकादम. १९९८ साली भांडी धुवायला आला आणि पायरी पायरीने इथवर चढला. अंगाने किडकिडीत, मिशी न चुकता काळी केलेली. भरल्या हॉलमधून असा तिरका चालायचा की हातात सुपाचे दहा वाडगे असले तरी कुणाच्या पायघोळ ओमानी दिशदाशाला कधी थेंब लागला नाही.

पण त्याचा खरा हातखंडा पाहुणे बसवण्यात. बँकेची मेजवानी असो की ओमानी घराण्यातलं लग्न, यादी हातात आली की तो डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "मॅडम, हे दोघं एका टेबलावर नकोत." मी विचारायची, तुला काय माहीत? तो म्हणायचा, "दोघांनी फोन करून एकच गोष्ट विचारली. दुसरा कुठं बसनार ते." मी पुण्याची. मानपान म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको असा माझा समज होता. एकनाथने तो हळूहळू उतरवला.

ही विद्या त्याने गावात मिळवली होती. त्याचं गाव गुहागरच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. नाव लिहीत नाही, कारण त्या गावची माणसं अजून मला मस्कतच्या दार्सैत भागात भाजीवाल्याकडे भेटतात. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. देवी वाघजाई, देऊळ वरच्या अंगाला. शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघायची, दगडी पायऱ्यांच्या पाखाडीने खालच्या वाडीत उतरायची आणि त्याच पाखाडीने परत वर यायची. जाताना पालखीचा पुढचा खांदा वरच्या वाडीचा, येताना खालच्या वाडीचा. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणास ठाऊक, पण पिढ्यान् पिढ्या भांडण नव्हतं.

मग विकास झाला. २०१२च्या पावसाळ्यानंतर गावाला डांबरी रस्ता मिळाला. तो खालच्या वाडीतून वळसा घालून थेट देवळाशी निघाला. खालची वाडी म्हणाली, रस्त्यावर आमची नवी घरं होतायत, पालखी परतताना तिकडून न्या. वरची वाडी म्हणाली, मग ते परतणं कुठे राहिलं, तो एकच फेरा झाला. आणि एकच फेरा असेल तर पुढचा खांदा शेवटपर्यंत आमचा. यावर काठ्या निघाल्या, तिघांची डोकी फुटली, तहसीलदारांनी जमावबंदी लावली. त्यानंतर पाच शिमगे आले आणि गेले, पालखी देवळातच. सरकारने रस्ता दिला आणि देवीचं बाहेर पडणं बंद झालं.

एकनाथचं घर बरोबर पाखाडीच्या मध्यावर. वरची वाडी त्याला खालचा समजायची, खालची वरचा. त्या घरात त्याची आई, गंगुबाई, वय पंच्याऐंशी. पालखी दारात थांबायची तेव्हा देवीची ओटी भरायची पहिली संधी या घराला असायची. लग्न होऊन आल्यापासून म्हातारीने ती एकदाही सोडली नव्हती. पालखी बंद झाल्यावरही ती दर शिमग्याला खण, नारळ, तांदूळ सुपात काढून ठेवायची आणि पाच दिवसांनी परत डब्यात भरायची. एकनाथला ती फोनवर एकच विचारायची, यंदा निघंल काय रे? पैसा नको, सोनं नको, इतकं एकच मागणं. आणि अख्ख्या मस्कतला टेबलाशी नीट बसवणाऱ्या या माणसाला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

गावाचा कारभार गावात चालत नसे, तो दार्सैतमध्ये चालायचा. गावात उरले होते म्हातारे आणि बायका. कमावते पन्नासेक पुरुष मस्कतला, आणि कृष्णमंदिराच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीत त्यांचं ग्रामविकास मंडळ. पालखीच्या भांडणानंतर मंडळ फुटलं. मूळ मंडळ दुसऱ्या मजल्यावर, वरच्या वाडीचं. त्याचा पुढारी राजीव, एका कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन. दुसरं पहिल्या मजल्यावर, खालच्या वाडीचं. त्याचा पुढारी नंदू, दूरच्या दुक्म बंदराच्या प्रकल्पावर क्रेन चालवणारा, पंधरा दिवसांनी गुरुवारी मस्कतला येणारा. दर शुक्रवारी दोन्ही मंडळांच्या सभा एकाच वेळी व्हायच्या. वरचे लोक मुद्दाम खुर्च्या ओढायचे आणि खालचे झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. एकनाथ दोन्हीकडे जायचा, दोन्हीकडे चहा प्यायचा आणि दोन्हीकडे संशयित होता.

अशा परिस्थितीत आमच्या हॉटेलात आफ्रिका एक व्हायला आली.

पंचवीस मे हा आफ्रिका दिन. १९६३ साली त्या तारखेला अदीस अबाबात बत्तीस देशांचे पुढारी जमले आणि त्यांनी आफ्रिकी एकतेची संघटना काढली. २०१७ साली तो गुरुवारी आला, रमजान तोंडावर होता, आणि मस्कतमधल्या आफ्रिकी वकिलातींनी ठरवलं की यंदा एकत्र मोठी मेजवानी करायची. जानेवारीत मोरोक्को तेहेतीस वर्षांच्या रुसव्यानंतर संघात परतला होता, त्यामुळे उत्साह होता. समितीची सचिव होती कुलसुम, झांझिबारमध्ये जन्मलेली ओमानी बाई. घरी स्वाहिली, ऑफिसात इंग्रजी, आमच्या वेटरांशी फर्डी हिंदी आणि रागावली की अरबी.

पहिल्या बैठकीला ती एकटीच आली आणि बॅग टेबलावर आपटून म्हणाली, "सगळ्यांचं एकमत आहे. कार्यक्रम व्हायला हवा यावर."

पुढचं कशावरच नव्हतं. झेंड्यांची मिरवणूक काढायची होती. प्रत्येक झेंड्यामागे त्या देशाचा प्रतिनिधी, आणि ज्यांचा प्रतिनिधी मस्कतला नाही त्यांचा नुसता झेंडा. झेंडे किती यावर एक आठवडा गेला. अक्षरानुक्रमे लावायचे तर कुठल्या भाषेतल्या यादीने यावर दुसरा. आणि सर्वात मोठा घोळ दोन शेजारी देशांचा. नावं सांगत नाही, नोकरीची ती शिस्त अजून अंगात आहे. एक म्हणे, आम्ही त्या पहिल्या बत्तीसांतले, झेंडा पुढे आमचा. दुसरा म्हणे, मस्कतमध्ये आमचा वकील आधी रुजू झाला, पुढे आम्ही. नाहीतर दोघंही येणार नाहीत. आणि ते दोघं आले नाहीत तर त्यांचे मित्रही येणार नाहीत. कुलसुमच्या हिशेबाने एकतेच्या जेवणाला साधारण निम्मी आफ्रिका गैरहजर राहणार होती.

एकनाथ पाण्याचे ग्लास ठेवायला आला होता. तो ट्रे पोटाशी धरून उभाच राहिला. मला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. लग्नाची यादी वाचताना व्हायचा तसा झाला होता, फक्त डोळ्यांत भलतीच चमक होती.

"मॅम," तो कुलसुमला म्हणाला, "ये लोग पहले से ऐसेही है?"

कुलसुम हसली. मग तिने आम्हा दोघांना समजावून सांगितलं, आणि मला वाटतं आफ्रिकेच्या एकतेवरचं एवढं प्रामाणिक भाषण त्या महिन्यात दुसरं झालं नाही. त्रेसष्टच्या आधीच तिथे दोन गट पडले होते. एक म्हणायचा, उद्यापासून एकच सरकार, एकच सैन्य. दुसरा म्हणायचा, आधी टपाल, रस्ते, विमानं जुळवू, मग बघू. दोघं एका खोलीत आले कारण दोघांनाही गोऱ्यांचं राज्य घालवायचं होतं. दुसऱ्या वर्षी ठराव केला तो असा, की गोऱ्यांनी जाताना आखून ठेवलेल्या सीमा आहेत तशाच ठेवू. वाकड्या का असेनात, त्या पुसायला गेलो तर भांडण संपणार नाही. मग दोन हजार दोन साली संघटनेचं नाव बदलून संघ केला. मागच्या वर्षी सगळ्या आफ्रिकेचा एक पासपोर्ट निघाला. पहिले दोन कुणाला दिले, तर दोन राष्ट्राध्यक्षांना.

"म्हणजे ज्यांना विमानतळावर कुणी अडवत नाही त्यांना," मी म्हणाले.

"पण निघाला," कुलसुम म्हणाली. "तुम्ही हसा. मी माझ्या आयुष्यात एवढी तरी प्रगती पाहिली."

एकनाथ हसला नव्हता. त्याने खिशातून पेन काढून पेपर नॅपकिनवर रेघ मारली. "मॅम, हॉल का दरवाजा एकही खोलेंगे," तो म्हणाला. "लाईन आत येईल तेव्हा पुढे पहिला देश, सगळ्यात शेवटी दुसरा. आत जाऊन सगळे एका रांगेत उभे राहतील. भाषण झालं की तिथंच मागं फिरायचं, आणि त्याच दारानं जेवायला जायचं. आता जो शेवटी होता तो पुढे. आत जाताना एक पुढे, जेवायला जाताना दुसरा पुढे. आमच्या देवीची पालखी अशीच चालायची."

कुलसुम त्या रेघेकडे बघत राहिली. "जेवायला जाताना पुढे असणं," ती म्हणाली, "हे जास्त मानाचं आहे असं मी त्यांना सांगेन. आणि दुसऱ्यांना सांगेन की आत येताना पुढे असणं जास्त मानाचं. दोन्ही खरंच आहे."

योजना दोन्ही देशांना पटली. मग प्रश्न आला झेंडे धरणाऱ्यांचा. पन्नासाच्या वर झेंडे, आणि स्वयंपाक-वाढप सोडून माझ्याकडे मोकळी माणसं तीस. एकनाथ म्हणाला, माणसं मी आणतो. ती कुठून येणार हे मला कळायला हवं होतं. गुरुवारी संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दाराशी राजीव आणि त्याचे बारा लोक आले, आणि दहा मिनिटांनी नंदू आणि त्याचे बारा. कागदावर सगळे स्वयंसेवक, मोबदला बिर्याणी. एकमेकांना बघून दोन्ही टोळ्या थबकल्या. राजीव म्हणाला, "एकनाथ, हे काय लावलंय?" एकनाथने त्याच्या हातात झेंडा दिला आणि आमच्या हॉटेलच्या आवाजात म्हणाला, "सर, ही लाईन गावाची नाय, आफ्रिकेची हाय. यल्ला, चला, शर्ट आत खोसा."

आणि ते चालले. पांढरे शर्ट, काळ्या पँटी, मध्ये मध्ये आमचे केरळी, नेपाळी, बंगाली वेटर. सगळ्यात पुढे, संस्थापक देशाचा झेंडा धरून, वरच्या वाडीचा राजीव. सगळ्यात मागे, दुसऱ्या देशाचा झेंडा धरून, खालच्या वाडीचा नंदू. हे एकनाथने मुद्दाम केलं होतं की सवयीने, मला आजही ठाऊक नाही. भाषणं झाली, रांग जागच्या जागी वळली, आणि नंदू ताठ मानेने आफ्रिकेला जेवायला घेऊन गेला. दोन्ही वकील खूश होते. दोघांनी आपापला देश पुढे असलेला फोटो आपापल्या राजधानीला पाठवला असं कुलसुमने नंतर सांगितलं. राजीवने आणि नंदूनेही आपापला फोटो आपापल्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवला. मजकूर सारखाच होता. मस्कतमध्ये आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात आपली वाडी पुढे.

बिर्याणी खाताना दोन्ही वाड्या एका लांब टेबलाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. एकनाथने मला कोपराने खूण केली. "मॅडम, चारच," तो म्हणाला. मलाही त्या क्षणी वाटलं की हा माणूस करून दाखवेल.

ईद झाल्यावर कुलसुम बिलं मिटवायला आली तेव्हा एकनाथने तिला गाठून वेगळाच प्रश्न विचारला. दोन देश करार करतात तेव्हा कागदावर पहिलं नाव कुणाचं? कुलसुम म्हणाली, सोपं आहे. दोन प्रती काढतात. आपापल्या प्रतीत आपापलं नाव आधी. मजकूर एकच असतो, मानही दोघांचा राहतो. एकनाथने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

ते दोन कागद मीच टाईप केले. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि स्वतःवर खूश होत. एका कागदावर पहिलं वाक्य, 'पालखी निघताना पुढचा खांदा वरच्या वाडीचा राहील.' दुसरं, 'अर्ध्या वाटेवर खांदा बदलून परतताना पुढचा खांदा खालच्या वाडीचा राहील, रस्ता कोणताही असो.' दुसऱ्या कागदावर हीच दोन वाक्यं, खालच्या वाडीचं आधी. खाली सहीला जागा. एकनाथ एक कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला आणि दुसरा घेऊन पहिल्या मजल्यावर. दोन्हीकडे चर्चा सुरू झाली, आणि ती जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालली.

आमच्या दोघांचंही एक चुकलं. वकिलातीतली माणसं करार शेवटपर्यंत वाचतात, त्यांना पगार त्याचाच मिळतो. वाडीतल्या माणसांनी पहिली ओळ वाचली. ती मनासारखी होती, म्हणून पुढचं वाचायची गरज कुणाला वाटली नाही. दोन्हीकडे समजूत झाली की आपण जिंकलो. मग डिसेंबरात खालच्या वाडीच्या कुणीतरी विजयाच्या आनंदात आपला कागद फोटो काढून भलत्या ग्रुपवर टाकला. वरच्या वाडीने त्याचीही पहिलीच ओळ वाचली.

बोंब झाली. एकनाथने दोन वाड्यांना दोन वेगळे कागद दाखवले. आम्हाला एक सांगितलं, त्यांना दुसरं. राजीवने पाच वर्षांत पहिल्यांदा नंदूला दुक्मला फोन केला. दोघं चाळीस मिनिटं बोलले आणि एकनाथला शिव्या घालण्यावर त्यांचं पहिल्याच मिनिटाला एकमत झालं. जानेवारीत एका शुक्रवारी दोन्ही मंडळांची संयुक्त सभा बोलावली गेली. विषय, एकनाथने केलेली फसवणूक.

सभेला पन्नास माणसं आणि खोली एक. कुणाला कुठे बसवायचं यावरून भांडण नको म्हणून त्यांनी ते काम कुणाला सांगितलं असेल? एकनाथने सकाळी लवकर जाऊन खुर्च्या लावल्या, हॉटेलातून दोन थर्मास नेले, आणि सगळे बसल्यावर राजीव त्याला म्हणाला, "आता तू जरा बाहेर थांब." तो दोन तास जिन्यात थांबला.

आतून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग हसणं, मग चहाचे कप. माणसं एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करू लागली. नंदूने राजीवच्या भावाला दुक्मला काम बघतो म्हणून सांगितलं. पालखीचा प्रश्न त्यांनी अर्ध्या तासात सोडवला. निघताना वरची वाडी पुढे, अर्ध्यावर खांदा बदलायचा, परतताना खालची वाडी पुढे, परतीची वाट नवा रस्ता. वाट सोडली तर शब्द न शब्द एकनाथचा. पहिली सही कुणाची यावरून पुन्हा वाद नको म्हणून त्यांनी दोन प्रती केल्या, आपापल्या प्रतीत आपापलं नाव आधी लिहिलं आणि अदलाबदल केली. तहसीलदारांकडे जोडीने अर्ज गेला आणि जमावबंदी उठली.

ठरावातला शेवटचा मुद्दा राजीवने जिन्यात येऊन वाचून दाखवला. दोन वाड्यांत गैरसमज पसरवल्याबद्दल पुढचा निर्णय होईपर्यंत पालखी एकनाथच्या दारात थांबणार नाही. हा मुद्दा एकमताने, टाळ्यांच्या गजरात.

शनिवारी त्याने मला हे सगळं टेबलक्लॉथच्या घड्या घालता घालता सांगितलं. मी भडकले. म्हटलं, हा सरळसरळ बहिष्कार आहे. महाराष्ट्रात आता कायदा झालाय, पोलिसांत तक्रार कर, मी लिहून देते. तो म्हणाला, "पोलीस आले की परत जमावबंदी, मॅडम. मग पालखी कुनाच्याच दारात नाय." मी म्हटलं, निदान ते कागद मी टाईप केलेत आणि दोन्हींत एकच लिहिलंय हे मी येऊन सांगते. तो म्हणाला, "सांगू नका. खोटं नव्हतं म्हनून कळलं तर परत एकमेकांवर उलटतील." आणि घडीचं टोक जुळवून वर हात फिरवला. मला रडू आलं. त्याचा रागही आला, कारण एवढा शहाणपणा असलेल्या माणसाला मदत करायला जागाच उरत नाही.

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाय. शिमग्याला महिना हाय. तोवर इन्शाल्ला मन बदलंल लोकांचं. म्हातारं मानूस दारात हुबं बघून कोन पुढं जानार हाय?"

२०१८चा शिमगा मार्चच्या सुरुवातीला आला. दोन्ही मंडळांतली बरीच पोरं रजा घेऊन गावाला गेली, एकनाथने मात्र रजा मागितली नाही. तो गेला असता तर दारात उभा दिसला असता आणि मग पालखी नक्कीच थांबली नसती, असा त्याचा हिशेब. पालखीच्या दिवशी कुलसुमचा फोन येऊन गेला होता. महिनाअखेर किगालीत आफ्रिकेतले चाळीसच्या वर देश एकाच व्यापार करारावर सह्या करणार म्हणून ती खुशीत होती, आणि यंदाचा आफ्रिका दिन रमजानात येतो तर मेजवानी कधी ठेवायची विचारत होती. मी निरोप द्यायला मागच्या स्टोअरमध्ये गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते. एकनाथ खुर्च्यांच्या चळतीला टेकून फोनवर व्हिडिओ बघत होता.

त्याने फोन माझ्याकडे वळवला. ढोलांचा आवाज, गुलाल, आणि सहा वर्षांनी बाहेर पडलेली वाघजाई. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण मी वाकून जवळून बघू लागले. वरच्या वाडीचा पोरगा पुढे, खालच्या वाडीचा मागे, दोघं बेभान होऊन नाचवत होते. पालखी पाखाडीने खाली उतरत होती. मध्यावर एका बुटक्या घराच्या दारात हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी सूप घेऊन उभी होती. पालखी तिच्यासमोर आली, तशीच नाचत राहिली आणि खाली गेली. म्हातारीने सूप थोडं पुढे केलं होतं. गर्दी संपेपर्यंत ते तसंच पुढे होतं.

पुढचा व्हिडिओ डांबरी रस्त्यावरचा होता, देवळाजवळचा. पालखी पाखाडीला न लागता परतली होती.

फोन वाजला. एकनाथने स्पीकर चुकून दाबला की मी ऐकावं म्हणून दाबला, मी विचारलं नाही.

"आरं, बगितलीस काय रं पालखी?" म्हातारीचा आवाज आनंदाने चढला होता. "केवढी नाचवली पोरांनी! माजं डोलं भरलं."

"बगितली, आये."

"गर्दी लय हुती. जाताना थांबायला गावलं नाय त्यांना. आता येताना थांबतील. मी हितंच हाय दारात."

एकनाथने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "आये, किती येळ हुबी हायस?"

"दुपारधरनं."

"खुर्ची घे की. बसून वाट बग."

"बसलं तर दिसनार नाय मी त्यांना," ती म्हणाली.

एकनाथने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही, पाखाडीकडे बघत असावी. दोघं तसेच, एक तिथे आणि एक इथे, पालखीची वाट बघत राहिले.